धनी नसतानाची गिरण

एकोणीसशे ब्याण्णव साली मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्याएवढा हट्टी माणूस दुसरा नाही. त्या साली माझ्या साडूनं टोकावड्याला भाताची गिरण टाकली आणि माझा हा मान गेला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी शेणव्याचा, शाळा चौथीत सोडलेला. तो सातवीपर्यंत टिकलेला, आणि या तीन इयत्तांचं ओझं त्यानं जन्मभर माझ्या डोक्यावर ठेवलं. आता तो नाही. ओझं मात्र आहे तिथंच आहे, आणि खरं सांगायचं तर ते उतरावं असं मला वाटतही नाही.

लोक देवदर्शनाला जातात, हा धंदेवाल्यांच्या दर्शनाला जायचा. अमक्याचा धंदा जोरात चाललाय असं कानावर आलं की हा धुतलेला लेंगा घालायचा, पिशवीत आपल्या गिरणीचे शेरभर कोलम तांदूळ घ्यायचा आणि डावा पाय जरा ओढत, कारण तो लहानपणापासून अधू होता, त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहायचा. प्रश्न एकच. "शेट, तुमचा धंदा कशानं उभा ऱ्हायला? येकच गोष्ट सांगा. दोन सांगाल तर माज्या ध्यानात ऱ्हायची नाय." समोरचा हसायचा, तांदूळ ठेवून घ्यायचा आणि तोंडाला येईल ते सांगायचा. सांगणारा विसरून जायचा, पण हा दुसऱ्या दिवसापासून ते करायला लागायचा, आणि तेही अक्षरशः. अर्थ काढणं, आपल्याला झेपेल तेवढं घेणं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. मोठ्यांचं ऐकलं आणि आपल्या अकलेनं त्यात कमीजास्त केलं, तर ऐकलं कशाला, असं तो मलाच विचारायचा.

खर्डी स्टेशनाबाहेर एक बाई वडे तळायची. तिचा वडा मिळावा म्हणून लोक हातातली गाडी सोडायचे. तिनं याला सांगितलं, "पयल्या घान्यातला वडा मी खाते. मला नाय आवडला तर पीठ गुरांना घालते." झालं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत भरडलेल्या प्रत्येक गोणीतला मूठभर तांदूळ एका टोपात पडायला लागला आणि दुपारी त्या टोपाचा भात हा एकटा जेवायचा. त्यात जाडा, बारीक, तांबडा, जुना, नवा, सगळा टोकावडा एकत्र शिजलेला. निम्मा कच्चा, निम्मा गिच्च. माझी मेहुणी आमच्या घरी येऊन माझ्या बायकोपुढं डोळे पुसायची. "ताय, तू तरी सांग गो त्यांना. घरचा भात टाकून गावाचा गिचका खातात." मी विचारलं तर मला म्हणाला, "भाऊ, लोकांच्या घरात काय शिजतंय ते मला कळाया नको?" मी म्हटलं, "लोकांच्या घरात असलं काय शिजत नाय."

माळशेजच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्यानं सांगितलं की तो महिन्यातून एकदा आपल्याच ढाब्यात ट्रकवाल्यांत बसून, पैसे देऊन जेवतो. झालं, हा डोक्यावर भाताची गोणी आणि तोंडावर पंचा ओढून आपल्याच गिरणीत गिऱ्हाईक म्हणून आला. त्या ओढत्या पायाचा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता, तेव्हा सगळ्यांनी ओळखलं, पण कुणी दाखवलं नाही. गिरणीत कामाला सहा बाया होत्या, त्यांतली हिराबाई त्या दिवशी पुढं होती. डोंगराच्या पोटाशी जी वाडी आहे तिथली ही बाई. ही वाडीवरची माणसं कलेक्टर आला तरी त्याला अरे म्हणतात. साडूनं आवाज बदलून विनवलं, "बाय, माजी गाडी जाईल. माजं आदी घे." हिराबाईनं मान वर केली नाही. "नंबरानं घेईन रे बाबा. मालकाचा सासरा आला तरी नंबरानं." हा एवढा खूश झाला की पंचा काढून ओरडला, "शाबास हिरे!" ती म्हणाली, "तोंड झाक आन बस. नंबर नाय आला तुजा." आणि हा खरोखर तोंड झाकून बसला, आपल्याच गिरणीत, नंबर येईपर्यंत.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. शहापूरच्या वीटभट्टीवाल्यानं दिलेला धडा मात्र महागात पडला. तो म्हणाला होता, "माणसं टिकवायची तर त्यांच्या नडीला उभं ऱ्हायचं." आता आमच्याकडं माणसांची नड म्हणजे आषाढातली आवणी. भाताची रोपं चिखलात लावायला घरची माणसं पुरत नाहीत, मग सावड करतात. आज तू माझ्या शेतात वाकायचं, उद्या मी तुझ्या. हे शेतकऱ्याशेतकऱ्यात चालतं. गिरणीच्या मालकानं गिरणीतल्या बायांशी सावड केल्याचं मी ऐकलं नव्हतं, पुढंही ऐकणार नाही. यानं केली. त्या वर्षभर गिरणीत राबतात, म्हणून हा आषाढात गिरणीला कुलूप लावून सहाही जणींच्या शेतांत आवणीला जायचा. दर वर्षी. अधू पायामुळं चिखलात त्याचा तोल जायचा आणि त्याची वळ, म्हणजे रोपांची ओळ, वाकडी लागायची. बाया हसायच्या. म्हणायच्या, "दादा, ही वळ कुठं चालली रे? घाटावर का?"

एका आषाढात कल्याणचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याला वर्षभर तांदूळ हवा होता. गिरण बंद बघून त्यानं बांधावर येऊन मालकाला विचारलं. हिराबाईनं कमरेवर हात ठेवून दाखवलं, "ती वाकडी वळ दिसते का? तिच्या टोकाला जो हाय, तो." साडूनं चिखलाचा हात वर केला आणि म्हणाला, "शेट, थोडा टाइम बसा. येवढा तुकडा संपवून आलो." व्यापारी बसला नाही. मला कळलं तसा मी पहिल्या गाडीनं टोकावड्याला गेलो आणि त्याला सगळ्यांसमोर झाडला. "अरे, हाताशी आलेला मानूस गेला. येक दिवस बाहेर आला असतास तर चिखल वाळनार व्हता?" तो पायाला लागलेली जळू काढत होता. म्हणाला, "भाऊ, ही सगळी पान्यात उभी असताना मी गादीवर बसून बोलनी करू?"  त्या प्रश्नाचा मला अजून राग आहे.

पण त्याचं खरं वाटोळं केलं ते मुरबाडच्या एका कारखान्याच्या मालकानं. त्या फाटकावर हा किती तरी सकाळी तांदळाची पिशवी घेऊन उभा राहिला. शेवटी एकदा गाडी थांबली, काच खाली झाली. मालकानं प्रश्न ऐकला आणि सांगितलं, "तुम्ही नसताना चालतो तो धंदा. तुम्ही असताना चालते ती मजुरी." काच वर झाली. तांदूळसुद्धा घेतले नाहीत.

त्या दिवसापासून हा माणूस झुरायला लागला. त्याला मुलगा नव्हता. दोन मुली, दोन्ही दिल्या घरी, आणि जावयांना गिरणीच्या धुरळ्यात यायचं नव्हतं. तसं बघितलं तर त्यानं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण दिवाळी झाली की त्या वाडीवरची घरंच्या घरं पोरंबाळं, कोंबड्या घेऊन लांबच्या वीटभट्ट्यांवर जातात. गिरण होती म्हणून ही सहा घरं गावात राहत होती, त्यांची पोरं शाळेत दिसत होती. "भाऊ, मी असताना चालते ती मजुरी," तो म्हणायचा, "मंग मी गेलो का ह्या बाया जातील भट्टीवर." मी म्हणायचो, "गेलास तर तुला कुठं दिसनार हाय?" तो म्हणायचा, "म्हनून तर आताच बगायचं हाय."

आणि मग त्यानं नसण्याचा सराव सुरू केला. दर गुरुवारी सकाळी टोकावड्याहून सरळगाव, तिथून किन्हवलीकडची गाडी धरून शेणव्याला. माझ्या ओटीवर टोकावड्याकडं तोंड करून बसायचा आणि चहा पिता पिता तिथली गिरण इथून चालवायचा. "आता पट्टा चढवला असंल." "आता हिरीनं कनी चाळाया घेतली असंल." मी सुपारी कातरत म्हणायचो, "आता बंद पडली असंल." माझी बायको आतून म्हणायची, "तुमी गप बसा ना जरा." दुपार टळली की याला राहवायचं नाही, मिळेल त्या गाडीनं परत. आणि गिरण बंदच असायची. एकदा पट्टा उतरला म्हणून सगळ्या कोंड्यावर पाय पसरून बसलेल्या. एकदा काहीच बिघाड नाही, तरी बंद. विचारलं तर हिराबाई म्हणाली, "तू नव्हतास. करमंना." एकदा मात्र लांबून गिरणीचा आवाज ऐकू आला आणि हा अधू पायानं पळत सुटला. मागाहून कळलं, फाट्यावर गाडी थांबलेली बघून वाडीवरची कुणी पोरगी ओरडली होती, "आला गो आला," आणि यांनी बटण दाबलं होतं. हे गुरुवार कितीतरी वर्षं चालले. आपण नसताना चाललेली गिरण त्या माणसाला एकदाही बघायला मिळाली नाही.

दोन हजार पाच साली त्याच्या छातीनं दगा दिला. कार्तिकातल्या एका गुरुवारी तो शेवटचा आला. ओटीच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर थांबला, जसं काही प्रत्येकीला काही विचारायचं होतं. चहा घेतला नाही. पट्टा, कणी, काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. चालंल?"

"नाय चालनार," मी म्हटलं.

"येवड्या वर्सांत येकदा तरी हो बोलायचं होतं."

"खोटं कशाला बोलू? तू ऱ्हा, मंग चालंल."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. आत माझ्या बायकोनं भांडं आपटलं. मला खोटं बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही. पण जे बोललो त्यातलं दुसरं वाक्य त्याला बरोबर ऐकू गेलं होतं. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो नुसता आधारासाठी नव्हता.

मार्गशीर्षात तो गेला. नवं भात घराघरात आलेलं, गिरणीचे ऐन दिवस. दुपारी नदीवर सगळं आटोपलं. अंगणात जाणती माणसं बसली होती, त्यांनी ठरवलं, दहाव्यापर्यंत गिरण उघडायची नाही. थोरल्या जावयानं मग हळूच म्हटलं, त्यानंतर तरी कोण उघडणार, मशीन विकू आणि पत्र्याची शेड भाड्यानं देऊ.  हिराबाई आणि बाकीच्या बाया कुंपणापाशी उकिडव्या बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि उठून वाडीकडं गेल्या. माझ्या मेहुणीनं किल्ली माझ्या हातात दिली. "भावजी, तुमच्याजवळ ठेवा. मला बगवत नाय ती." मी ती कनवटीला लावली. मी म्हटलं होतं ते खरं झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं ठरल्याचा मला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी कुलूप नीट लागलंय का बघायला गेलो. दारात भाताच्या गोण्यांची रांग लागली होती आणि कुलपासमोर त्या सहाजणी उभ्या होत्या.

"किल्ली दे," हिराबाई म्हणाली.

"सुतक हाय गो. दहाव्यानंतर बगू."

"सुतक घरच्यांना. आमी त्याच्या सावडीतल्या. यंदा माज्या शेतात आवनीला कोन व्हता? तू व्हतास?"

मी कनवटीची किल्ली चाचपली.

"वाकडी लावलीन, पन त्याच वळीचं भात हे बग, गोनीत हाय. तो येऊन गेला, आता पाळी आमची हाय. ती काय नदीवर जाऊन फेडू? दे इकडं."

जाणत्यांनी ठरवलेलं मोडायचं म्हणजे चार माणसांची बोलणी खायची. मी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. बटण दाबलं आणि पट्टा उतरला. पुन्हा चढवला, पुन्हा उतरला. हिराबाई आढ्याकडं बघून कडाडली, "लबाडा, जाताना पट्टा तरी बदलायचास!" आणि तिसऱ्या वेळी तिनं तो असा चढवला की गिरण घरघरायला लागली. मागच्या बाजूनं तूस उडालं. मी बाहेर उभा राहून ती बंद पडायची वाट बघितली. पहिली गोणी झाली. दुसरी लागली. फाट्यावर एक गाडी येऊन थांबली आणि गेली. तिकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग मी पंचा तोंडावर ओढून घेतला आणि रांगेतल्या शेवटच्या गोणीमागं जाऊन बसलो. हिराबाईनं चाळणीवरून मान वर केली नाही. "नंबरानं घेईन रे बाबा," ती म्हणाली. माझ्याजवळ भात नव्हतं. पण नंबर येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.