बोर्डावर नसलेली ओळ

नंदनवन वस्तीच्या पलीकडून जाणारी छोटी रेल्वे लाइन बंद झाली, रूळ निघाले आणि तिथे वॉकिंग ट्रॅक झाला. मी रोज सकाळी बाबांना घेऊन तिथे जाते. तिथे मला कुणाशी बोलावं लागत नाही. बाबा मात्र भेटेल त्याच्याशी बोलतात.

बाबा या लाइनवर फाटकवाले होते, पण एका फाटकावर बसणारे नव्हे. ते गाडीतूनच जायचे. रस्ता आला की गाडी थांबायची, बाबा उतरून फाटक लावायचे, गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबायची. मग फाटक उघडून ते धावत शेवटच्या डब्यात चढायचे. असं प्रत्येक रस्त्याला. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींच्या वडिलांचे धंतोलीत दवाखाने होते. मी फक्त म्हणायचे, "माझे वडील रेल्वेत आहेत."

मागच्या महिन्यात ट्रॅकवर मोठा बोर्ड लागला. लाइनचा इतिहास, सगळा इंग्रजीत.

"वाच वं, काय लिहिलं हाये?"

मी मराठीत सांगत गेले. इंजिन कुठून आलं, उद्घाटनाला कोण साहेब होते. बोर्ड संपला तरी बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आणि," मी म्हणाले, "गाडीसोबतचे फाटकवाले प्रत्येक रस्त्याला उतरायचे. त्यांच्याशिवाय गाडी पुढे जात नसे."

"असं लिहिलं त्यायनं?"

"हो."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रॅकच्या वॉचमनला हाताला धरून तिथे नेलं. "पाह्य गा, आमचं लिहून ठेवलं हाये."

त्याने बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. "कुठं हाये काका? पोरीनं उल्लू बनवलं तुम्हाले."

तो हसला. बाबाही हसले. "चष्म्याचा नंबर वाढला असन तिचा," म्हणाले. पण नंतरचे दोन दिवस गुडघा दुखतो म्हणून घरीच बसले.

तिसऱ्या सकाळी मी एकटीच गेले, पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन. बोर्डाच्या खाली रिकामी हिरवी पट्टी होती. तिच्यावर ती ओळ आधी इंग्रजीत लिहिली, मग मराठीत. माणसं थांबून बघत होती. माझे कान तापले होते, तरी अक्षर वाकडं होऊ दिलं नाही.

वॉचमन धावत आला. "ओ मॅडम, काय करून राहिल्या? परमिशन हाये का?"

"हे वरचं लिहिताना माझ्या बाबांना कुणी विचारलं होतं?"

"साहेब पुसाले लावतीन मले."

"पुसा. मी रोज येते, आणि डबा अजून अर्धा आहे."

इतक्या मोठ्याने मी घराबाहेर कधीच बोलले नव्हते.

रंग वाळायच्या आत घरी पोचले. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्या चपला मी पायांपाशी सरकवल्या.

"चला. मराठीतही आहे. या वेळी तुम्हीच वाचा."