बिदाईला वरातीचा ठेका

तिरोड्याचा दुलीचंद पटले लग्नाच्या सीडी झकास करायचा. हळद, वरात, पंगत, नाव ठेवायला जागा नाही. घोडं अडायचं ते बिदाईपाशी. पडद्यावर पोरगी आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतेय आणि मागे वाजतंय काय, तर वरातीतला नाचाचा बँड! बाकीचे मिक्सिंगवाले तिथं रडकं गाणं लावत. या गृहस्थाला ते पटायचंच नाही.

"एकदा रडून झालं ना जी," तो म्हणायचा, "सीडी लावून पुन्हा कायले रडायचं?"

लोक हसून सोडून देत. दवनीवाड्याचे केशोराव मात्र सीडी पाहून तणतणत दुकानात आले.

"माया पोरीची, ओमेश्वरीची बिदाई होय का तमाशा? मी ढसाढसा रडून राहिलो अन् तू ढोल बडवून राहिला! देवरीले पोरीच्या सासरी गेलेली सीडी बदलून आण. नाही तं आमच्या गावचं एकही लग्न तुले भेटणार नाही."

केशोरावांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं, आणि दुलीचंदचा निम्मा सीझन त्या गावावर चालायचा. हट्टानं चूल पेटत नाही. त्यानं मुकाट्यानं रडकं गाणं भरलं आणि देवरीची बस धरली. वाटभर स्वतःचीच लाज वाटत होती.

ओमेश्वरीनं नवी सीडी हातातही घेतली नाही. "भाऊ, इथं आली तवा मले घास उतरत नव्हता. मंग हे पहिली सीडी लावली. बाबा हुंदके देऊन राहिले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसून राहिले, अन् सगळं बरोबर ठेक्यावर! मी हसली, सासूबाई हसल्या, अन् त्या दिवशी पोटभर जेवली. हे नेली तं खरंच रडीन."

दुलीचंदनं तिथूनच केशोरावांना फोन लावून तिच्या हातात दिला. ती बापालाही हसत हसत तेच सांगत राहिली. पलीकडे म्हातारा खाकरला. "राहू दे तेच."

पुढे काही वर्षांनी दुलीचंदच्याच पोरीचं, भूमेश्वरीचं लग्न निघालं. बिदाईची वेळ आली तसा बँड रिवाजाप्रमाणे गप्प झाला. पोरीला मिठी मारून दुलीचंद असा रडला की कॅमेरा धरलेल्या माणसालाही कढ आवरेना.

तेवढ्यात मांडवातून केशोराव बँडवाल्यांवर ओरडले, "थांबले काऊन बे? याच्या पोरीले सासरी जेवण जाऊ द्या. वाजवा!"