प्रागचा नकाशा आणि भिकाजीचे देव

सूर्यकांत सामंत हा जपून पाय टाकणारा माणूस. दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांत त्याने वीसेक वर्षं काढली, तिथले कितीतरी उड्डाणपूल कागदावर रेखले, पण रजा म्हटली की सावंतवाडी, त्यापलीकडे त्याची धाव नाही. युरोपचं खूळ त्याच्या बायकोचं, शोभनाचं. पंप विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या कॅलेंडरवर प्रागमधल्या जुन्या दगडी पुलाचं चित्र होतं, कठड्यांवर दोन्हीकडे संतांचे पुतळे. वर्ष सरलं तरी बाईने ते पान भिंतीवरून हलवलं नाही. "गुडघे चालतायत तोवर एकदा या पुलावरून चालायचंय," ती म्हणायची. "सकाळी, गर्दी व्हायच्या आत."

मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, पगार रखडू लागले. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, सूर्यकांतने २००९च्या मे महिन्यातले चार दिवस पक्के केले. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला आतून कळलं होतं. दर शुक्रवारी पोह्यांच्या बश्या बाजूला सारून तो टेबलावर प्रागचा नकाशा पसरायचा. ऑफिसच्या प्लॉटरवर मोठा छापून आणलेला. साहेबाला पत्ता नाही. शोभना बोटाने रस्ता दाखवायची. "किल्ल्याचा चढ पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी पूलच."

"बाबा, जस्ट बुक अ टूर," मोबाइलमधून मान वर न काढता लेक शुभ्रा म्हणायची. पण टूरवाले पुलावर फोटो काढू देतात आणि यल्ला यल्ला, चला चला करत बसमध्ये कोंबतात. सूर्यकांतला ते मान्य नव्हतं.

अशाच एका शुक्रवारी भिकाजी आला. तो सूर्यकांतच्याच कंपनीत साइटवर सुपरवायझर होता, गावाकडचा, आणि एका खोलीत सहा जणांत राहायचा. दर वर्षी रजेवर जाताना तो आपले देव शोभनाकडे ठेवून जायचा. स्टीलच्या डब्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदेवतेचा टाक. आपल्यामागे त्यांना दिवा मिळावा, एवढंच. परत आला की खाजं घेऊन यायचा आणि देव घेऊन जायचा.

या वेळी गावी त्याच्या बायकोला पक्षाघात झाला होता. वाचा गेली होती.

"पंधरा दिवसांची रजा टाकलीय," भिकाजी म्हणाला. "एचआर म्हणतो, गॅरंटीशिवाय पासपोर्ट नाही. तू साइन करशील?" त्याने हमीचा कागद सूर्यकांतच्या हातात दिला.

त्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत असत. एकाला रजेवर सोडायचं तर दुसऱ्याने हमी द्यायची. पहिला परत येईपर्यंत दुसऱ्याचा पासपोर्ट बाहेर निघत नसे. आणि राजीनामा दिला तर हिशोब होईपर्यंत अडकवून ठेवत. दोघंतिघं तसे महिनोन्‌महिने लटकले होते. सूर्यकांतची व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांवर होती. भिकाजी वेळेवर आला तर सगळं जमत होतं.

शोभना चहा घेऊन आली. "भाऊजी, देव कधी आणताय? जागा करून ठेवते."

भिकाजीने कप हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "या वेळी बरोबरच नेतो, वहिनी," तो म्हणाला. "तिला दर्शन घडेल."

सूर्यकांतच्या लक्षात आलं. परत येणारा माणूस देव उचलून नेत नाही. त्याने भिकाजीकडे पाहिलं, भिकाजीने पाहिलंच नाही. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. शोभनाने टेबलावरचा नकाशा उचलला, नीट घडी घातली आणि आत गेली. सूर्यकांतने सही केली. तिला विचारलं नाही, ही बोच तेव्हापासून त्याच्या मनात राहिली.

भिकाजी परत आला नाही. सूर्यकांतचा पासपोर्ट तिजोरीतच राहिला, अपॉइंटमेंट गेली, मे महिना गेला. "फसवलंन आपल्याला," सूर्यकांत घरी म्हणाला. खोटं बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली. शोभना म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी जाऊ." पुढच्या वर्षी पगार निम्मा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले. जिना उतरायलाही तिला कठडा लागू लागला. मध्ये एकदा भिकाजीचा फोन आला होता. त्याची बायको दोन-चार शब्द बोलू लागली होती.

२०१३ साली नोकरीचा हिशोब मिटला आणि गावी परतण्यासाठी त्यांनी करामातलं घर आवरलं. खोकी भरून झाल्यावर शोभनाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे रंग ताजा होता.

"भिकाजीने तेव्हा फसवलं नसतं, तर पूल झाला असता तुझा," सूर्यकांत म्हणाला. इतकी वर्षं म्हणत आला होता, तसंच.

"अहो, आता तरी त्या माणसाला बोल लावू नका," शोभना म्हणाली. "देव बरोबर नेतो म्हणाला, तेव्हाच कळलं होतं मला. तुम्हालाही."

सूर्यकांत खोक्यावर बसला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय? तुम्ही मांडीवर कागद घेऊन बसला होतात," ती म्हणाली. "सही करायला जागा हवी होती, म्हणून नकाशा उचलला मी."