कोयीचं पीठ आणि बाबांचा संशय

माझ्या सासऱ्यांनी आमच्या बचत गटाच्या लाडवाला मरेपर्यंत तोंड लावलं नाही.

आज पहाटे बाबा गेले.

आमचा पाडा बेटेगावजवळ. रानातल्या रायवळ आंब्याच्या कोयी फोडून, आतला गर भिजवून, सुकवून आम्ही बायका पीठ करतो. त्याचे लाडू बोईसरच्या बाजारात विकतो.

गेल्या वर्षी मुंबईहून एका संस्थेचे सर आले. लॅपटॉप, चार्ट, सगळं घेऊन.

"हे सुपरफूड आहे! अंगणवाडीत डाळीऐवजी हेच द्या, असा प्रस्ताव आम्ही पाठवतोय. मोठी ऑर्डर मिळेल."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

मागे बसलेल्या बाबांनी विचारलं, "डालीऐवजी का? पोरांची डाल कोन नेनार हाय?"

सर हसले. मला लाज वाटली.

घरी आल्यावर मी चिडलेच. "बाबा, प्रत्येकावर संशय कशाला घेता?"

बाबा खाली बसले.

"माझी बहीन व्हती, सोनी. घरातला तांदूल संपला का आय कोयीचं पीठच शिजवायची. पोट भरायचं पोरीचं. तरी सुकतच गेली. मंग गेली."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

आता मलाही शंका आली. सरावलीची माझी मैत्रीण फूड लॅबमध्ये आहे. तिला पीठ तपासायला दिलं.

"पीठ चांगलंय गं. स्टार्च आहे, फॅट आहे, अंगात ताकद येते. पण प्रोटीन डाळीपेक्षा खूप कमी. नुसत्या यावर मूल वाढणार नाही."

पुढच्या मीटिंगला मी सरांना म्हटलं, पॅकेटवर हे छापा.

"असं छापलं तर ऑर्डर कोण देईल?"

"मग नको ऑर्डर."

सर गेले ते गेलेच. आता फोनही उचलत नाहीत. गटातल्या दोघी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

लेबल आम्हीच छापलं. 'डाळीसोबत खा. डाळीऐवजी नाही.'

बाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

ऐकलं, पॅकेट उचललं आणि थेट शेजारच्या मंगलकडे गेले. तिच्याकडून परत वाचून घेतलं!

सुनेवरही भरवसा नाही. मी दारात उभी राहून हसत होते.

परत आले. पॅकेट माझ्या हातात ठेवलं.

"तेच लिवलंय. आता इका."

बाबा, निवांत जा.

सगळ्या पाड्याचा तुम्हाला शेवटचा जोहार.