पाळणाघरातली कोंबडी

साडेतीन वर्षांच्या नातीला मी कोंबडी कापायला शिकवली. चुकून तिच्या नजरेस पडलं, असं मी पुढे बरेच दिवस सांगत फिरले, पण ते खोटं. मी तिला हाक मारून बोलावलं, पाटावर बसवलं आणि शिकवलं.

तेव्हा मी साठीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही. नाताळ तोंडावर आला होता. मुलगा-सून नातीला घेऊन वाडीत आले होते. सून आत करंज्या तळत होती आणि मी विहिरीपाशी कोंबडीच्या पंखांवर पाय देऊन उभी होते.

"हे बघ," मी म्हणाले, "पंखांवर पाय, म्हणजे फडफड नाही. मग मान मागे. गळ्यावरची पिसं उपटायची, नाहीतर सुरी घसरते. आणि मग एका दमात."

सुरी फिरली. रक्ताची चिळकांडी माझ्या पोटरीवर उडाली, थोडी तिच्या फ्रॉकवर. कोंबडी पाय झाडत राहिली, मग नुसती नखं हलली, मग तीही थांबली. पोर रडेल याची मी वाटच पाहत होते. म्हणजे सुनेला ऐकवता आलं असतं, फ्लॅटमध्ये वाढवलीस ना, म्हणून भित्री! पण पोर रडली नाही. फ्रॉकवरचा डाग बोटानं पसरवत तिनं विचारलं, "आता दुसरी?"

मी अशी फुलले म्हणून सांगू! दुसरीच्या वेळी पाय तिलाच धरायला दिले.

ही पोर एरवी दिवसभर पाळणाघरात असायची. मुलाचा फ्लॅट नायगाव पूर्वेला आणि सून कामणला एका गोदामाच्या ऑफिसात. घरी पोचेपर्यंत दिवेलागण उलटून जायची. त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये एक चकाचक पाळणाघर होतं. एसी, कॅमेरे, भिंतीवर जिराफ. तिथे सुनेचा अर्धा पगार मोजायचा आणि साडेसहाच्या ठोक्याला मूल उचलायचं, उशिराचा दंड वेगळा. दुसऱ्या ठिकाणी जागा रिकामी होईपर्यंत पोरीचं लग्न झालं असतं. तिसरं होतं, ते घरमालकानं खोली विकली तेव्हा बंद पडलं. शेवटी जूचंद्र गावात एक बाई सापडली. स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत आठ पोरं सांभाळायची. फी परवडायची आणि आईबाप येईपर्यंत ती कुरकुर न करता थांबायची. तिथे पोरीला जागा होती म्हणून सुनेला नोकरी होती. साहेबानं आधीच बजावलं होतं, पोरीपायी आणखी एकदा मधेच उठून गेलात तर परत येऊ नका.

"मम्मी, तुम्ही सांभाळाल का हिला?" सुनेनं मला आधी विचारलं होतं.

"मी तीन वाढवली," मी म्हणाले होते. "एकाला खाटेला बांधायचे, दुसऱ्याला माडाला. तिसरी टोपलीखाली. माझी पाळी संपली आता."

खरं कारण दुपारची झोप आणि त्यानंतरचा पत्त्यांचा डाव. हे मी आजवर पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

नाताळ झाला, पाळणाघर पुन्हा उघडलं, आणि दुसऱ्याच दिवशी ऐन झोपेच्या वेळी सुनेचा फोन. "मम्मी, हिनं काहीतरी केलंय. बाई म्हणतायत, ताबडतोब या. मी आत्ता उठले तर नोकरी गेलीच समजा. तुम्ही जाता का?"

रिक्षातून उतरले तर किंकाळ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत होत्या. झालं होतं ते असं. बाई मोरीत एका पोराला धूत होती. तेवढ्यात आमच्या पोरीनं सगळ्यांत लहान मुलाला, जेमतेम दीड वर्षाचा असेल, उताणं पाडलं. त्याच्या दंडावर पाय दिला. केस धरून डोकं मागे ओढलं, मुठीमुठीनं केस उपटले आणि डब्याच्या झाकणाची कड गळ्यावर घासायला सुरुवात केली. बाई ओल्या हातांनी धावत आली तेव्हा बाकीची पोरं ताटल्या मांडीवर घेऊन रांगेत बसली होती. वाढायची वाट बघत.

मी पोचले तेव्हा मुलाची आई माझ्या आधी पोचली होती. मूल बाईच्या कडेवर होतं. कपाळावरच्या केसांचा एक चट्टा उपटलेला, दंड सुजलेला, गळ्यावर लाल रेघ आणि तिच्यातून रक्ताचे बारीक थेंब. आणि ती आई चपलेनं बाईला बडवत होती. खांद्यावर, कानावर, पाठीत. बाई पोराला छातीशी धरून पाठ पुढे करत होती, म्हणजे चप्पल त्याला लागू नये.

"काय दाखवतेस पोरांना? मोबाईलवर काय लावून देतेस? बोल! बंद करायला लावते तुझं दुकान, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाते!"

इथे कुणीही शहाणी बाई तोंड उघडून खरं बोलली असती. साठीतल्या त्या शूर बाईनं काय केलं? पदर खोचला, मुलाच्या आईची वेणी पकडली आणि ओढत ओरडली, "मारतेस कुणाला? पण खरंच गं बाई, मोबाईलवरच बघितलं असणार यांनी. हल्ली काय काय दाखवतात!"

म्हणजे एकीला मारलं आणि दुसरीवर ढकललं, एकाच दमात. त्या आईनं उलटून माझ्या तोंडावर कोपर मारलं. मी तिच्या मनगटाला चावले. पोरं भिंतीला चिकटून भोकाड पसरत होती. एवढ्यात आमची नात कोपऱ्यातून पुढे आली, माझी साडी ओढली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आजी, मी पाय तू सांगितलास तसाच ठेवला होता. पण तो हलतच होता."

सगळे हात जागच्या जागी थांबले. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मग चपलेची दिशा बदलली.

पहिली गालावर बसली, दुसरी ओठावर. समोरचा बसवलेला दात, ज्याच्यासाठी मी मुलाकडून पैसे उकळले होते, फरशीवर पडून नातीच्या पायाशी गेला. मी हात वर केले नाहीत. मोठेपणा नव्हे, वेळच मिळाला नाही. शेवटी बाईनं मोरीतली अर्धी भरलेली बादली उचलून आम्हा दोघींवर ओतली. "भांडायचं तर रस्त्यावर जा! पोरं भ्यालीत माझी!"

पाणी निथळत मुलाची आई उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "या पोरीला काढून टाका. नाहीतर मी माझ्या पोराला नेते." मग तिलाच आठवलं असावं, नेणार कुठे? ती नुसतीच नाक पुसत राहिली.

"एकाला धुवायला घेतलं की सात सुटतात," बाई म्हणाली. तिचा कान सुजून लाल झाला होता. "दुसरी बाई ठेवायची तर फी वाढवावी लागंल. देशील?"

तिनं ओली वेणी पिळायला घेतली. मी बोलले. ओठ फाटलेला, उचललेला दात हातात, शब्द पाण्यासारखे गळत होते. म्हटलं, पोरीला काढू नका, माझ्या सुनेची नोकरी जाईल. मला आणखी मारायचं तर मारा.

बाईनं पोराच्या गळ्याला हळद लावली. दंड हलतोय ना ते पाहिलं आणि त्याला डॉक्टरकडे न्यायला आईच्या ओटीत दिलं. मग ओल्या जमिनीवर फडकं टाकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"पोरीची जागा ऱ्हाईल, आजी. पन आता तुमची बी एक जागा धरलीय मी. उद्या सकाली नवाला यायचं, आपला डबा आपन आनायचा, पगार मागायचा नाय, नि सुरी घरी ठेवून यायचं."