मकसद दोनदा सांगायचा

फौजी माणूस सुट्टीवर आला की घरात दोन गोष्टी साठतात, धुण्याचे कपडे आणि किस्से. कपडे दोरीवरून काढून घडी घातली की संपतात. किस्स्यांचं तसं नाही. बचत गटाच्या बैठकीत एक सांगावा तर बायका दुसरा मागतात, आणि तो सांगून घरी येईपर्यंत अंगणात नवीन काहीतरी घडून गेलेलं असतं.

आमचे हे फौजेत नाईक आहेत. पुढं हवालदार व्हायचं तर एक कोर्स पास करावा लागतो, त्याला केडर म्हणतात. धावण्यात, नेमबाजीत, नकाशा वाचण्यात यांना तोड नाही. अडलं ते ऑर्डरमध्ये. हल्ल्याच्या आधी कमांडरनं आपल्या जवानांना समोर बसवून सांगायचं असतं, की शत्रू कुठं आहे, आपल्याला काय करायचंय, कसं करायचंय, खाण्याची आणि गोळ्यांची सोय काय, आणि कमान म्हणजे हुकूम द्यायचं काम कुणाकडं. आधी हे कागदावर लिहायचं, मग तोंडानं सांगायचं. लिहायला हे पटाईत. सांगायला उभे राहिले की घसा कोरडा पडायचा. मागच्या केडरला मध्येच थांबले ते थांबलेच. आता शेवटची संधी होती. ती गेली असती तर यांच्या मागून भरती झालेली पोरं यांच्या पुढं गेली असती, आणि हे नाईक म्हणूनच घरी आले असते.

म्हणून या सुट्टीत आमच्या काष्टीजवळच्या वस्तीवर गवार तोडण्यापासून गाईला पाणी पाजण्यापर्यंत सगळं ऑर्डरनं झालं.

*

ऑर्डरमध्ये काय करायचंय त्याला मकसद म्हणतात, आणि मकसद दोनदा सांगायचा असा नियम आहे. ऐकताना कुणाचं लक्ष इकडं-तिकडं गेलं असेल तर दुसऱ्यांदा कानावर पडावं म्हणून.

पहिल्या दिवशी सकाळी हे अंगणात ताठ उभे राहिले. समोर मी, सासूबाई आणि माझ्या मांडीवर आमची लेक आरू. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"मकसद. दुपारच्या आत खालच्या तुकड्यातली गवार तोडायची. परत सांगतो. दुपारच्या आत खालच्या तुकड्यातली गवार तोडायची."

"एकदा सांगितलं तरी कळतंय रे," आत्या म्हणाल्या. "अजून कान शाबूत हायेत माझे."

"आई, नियम हाय त्यो."

"तुझ्या बापाला न्हाई लागला कधी नियम. त्यो तर एकदा पण सांगत नव्हता. नुसतं खाकरला की आमी पाटी उचलून शेताला."

*

ऑर्डर संपली की कमांडर विचारतो, "कोई शक?" म्हणजे काही शंका असली तर विचारा. फौजेत हे रोजचं बोलणं आहे. आमच्या घरात पहिल्यांदाच आलं.

दुसऱ्या दिवशी यांनी आत्यांच्या बहिणीकडं जायची ऑर्डर दिली. कोण जाणार, कोण घरी थांबणार, गाईला कोण बघणार. घरी थांबणार होते मी. शेवटी माझ्याकडं बघून यांनी विचारलं, "कोई शक?" मी मान हलवली.

आत्यांनी मला चुलीपाशी बोलावलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "कशाचा शक घेतोय गं त्यो तुझ्यावर?"

मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्या बाहेर. "काय रे ए, वर्षातनं दोन डाव येतोस तू. ती तुझं लेकरू सांभाळती, माझं दुखणं-खुपणं बघती. तिच्यावर शक घेतोस? तिकडं राहून डोस्कं फिरलं का तुझं?"

हे समजावता समजावता दमले. मग आत्यांसाठी म्हणून यांनी ते वाक्य बदललं. ऑर्डरच्या शेवटी विचारू लागले, "काही अडचण?"

त्यावर आत्यांनी गुडघे सांगितले, फिरत नसलेला पंखा सांगितला, लाईट कधी येते कधी जाते ते सांगितलं, धाकट्या नणंदेचं सासर सांगितलं. ऑर्डर राहिली बाजूला.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "कोई शक" सुरू झालं. आत्यांना मी अर्थ नीट सांगून ठेवला. तरी ते ऐकलं की त्या यांच्याकडं एकदा रोखून बघतातच.

*

ऑर्डर सांगताना समोर जमिनीवर त्या भागाचं मॉडेल करतात. यांनी अंगणात मातीचे उंचवटे केले, राखेनं रस्ता काढला, कडबा रोवून झाडं केली. शत्रू म्हणून ज्वारीचे दाणे मांडले.

हे मॉडेलकडं पाठ करून पाणी प्यायला वळले. आमच्या कोंबडीनं हल्ला व्हायच्या आधीच शत्रू संपवला.

*

शेजारी बाळूभाऊजींचं घर. ते यांचे चुलतभाऊ, वयानं थोरले. शेताच्या बांधाच्या भांडणावरून आमचं आणि त्यांचं बोलणं बरेच दिवस बंद होतं. मध्ये फक्त एक कुडाची भिंत.

हे त्या भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं सराव करत होते. परीक्षेत ऑर्डर हिंदीतच द्यायची असते.

"दुश्मन की खबर. दुश्मन पूरब की तरफ बांध के पीछे बैठा है. मकसद. बांध पर कब्जा करना. मैं फिर से कहता हूँ. बांध पर कब्जा करना."

पलीकडं बादली आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ भाऊजी आमच्या अंगणात.

"मी दुश्मन व्हय रे? आणि बांधावर कब्जा करतोस? एकट्याच्या बापाचा हाय का बांध?"

"दादा, तू न्हाई. त्यो नुसता कागदावरचा दुश्मन हाय."

"कागदावर पण आणलं का मला? तहसीलला दिलास कागद?"

यांनी त्यांना हाताला धरून मॉडेलपाशी बसवलं. हा डोंगर, हा नाला, हा कागदावरचा बांध. परीक्षेचं सगळं सांगितलं.  भाऊजींनी एक काडी घेतली आणि मॉडेलवर टेकवली.

"मग असं उघड्यावरनं कशाला जातोस? ह्या नाल्यातनं वाकून जा की. तुमच्या कडंच्या चारीसारखंच हाय हे. त्यातनं माणूस जातोय कुठं, येतोय कुठं, कुणालाच दिसत न्हाई."

आत्या दारात उभ्या होत्या. "तुला रे कसं ठाव?"

भाऊजींनी काडी खाली ठेवली. आमच्या चारीकडेच्या शेवग्याला शेंगा का टिकत नाहीत, ते त्या दिवशी कळलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून आले आणि मांडी घालून बसले. "चल, सांग तुझी ऑर्डर. मी कितवा नंबर?"

*

हा किस्सा मी बैठकीत हसत सांगते, पण तो घडला तेव्हा हसायला आलं नव्हतं.

शनिवारी काष्टीचा बाजार. यांनी सकाळी ऑर्डर दिली. टेम्पो किती वाजता, पिशव्या कुणी घ्यायच्या, कांद्याच्या गोण्या कुणी चढवायच्या, दाराला कुलूप कुणी लावायचं. सगळं ठरल्यासारखं झालं. टेम्पो रस्त्याला लागला आणि मी विचारलं, "आरू कुणाकडं?"

मला वाटलं ती आत्यांकडं. आत्यांना वाटलं यांच्याकडं, पुढं बसलीय. यांना वाटलं माझ्याकडं.

टेम्पो थांबायच्या आत मी उडी मारली. चप्पल कुठं राहिली कळलं नाही. कुलपाची किल्ली आत्यांकडं, आणि मी दाराला धडका देत उभी. हे पळत येऊन कुलूप उघडेपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहायचं नाही. आत आरू झोळीत जागी होती आणि झोळीच्या दोरीशी काहीतरी बोलत होती.

तिला मी छातीशी धरलं. हे उंबऱ्यात बसले. "माझ्या ऑर्डरमध्ये तिचं नावच नव्हतं," म्हणाले. 

त्या दिवशी बाजार राहिला. दुपारी मी यांना म्हणाले, "तुम्ही सांगताना कागदाकडं बघता. आमच्याकडं बघा. ऐकलंय का नाही ते माणसाच्या तोंडावर दिसतं."

पुढच्या ऑर्डरला यांनी कागद खिशात ठेवला. प्रत्येक काम एकेकाचं नाव घेऊन, त्याच्याकडं बघून सांगितलं. आरूचं नाव सगळ्यात आधी. घसा कोरडा पडला, तेव्हा थांबले, पाणी प्याले, आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. भाऊजी म्हणाले, "लई भारी. आता माझ्याकडं असं बघू नको, सगळं कबूल करीन मी."

*

एक भाग मात्र मी ऐकत नव्हते. अगदी शेवटी कमांडरला म्हणावं लागतं, की मी पडलो तर कमान नंबर दोन घेईल. ते वाक्य आलं की मी उठायचे. दूध उतू चाललंय म्हणून आत जायचे.

भाऊजी एकदा म्हणाले, "गाय एक आणि दूध रोज उतू. कुठनं आणली रे ही गाय?"

शेवटी एक दिवस हे माझ्या मागून आत आले. चुलीवर काहीच नव्हतं. हे माझ्याजवळ खाली बसले. "ते वाक्य माझ्यासाठी नसतं," म्हणाले. "मागच्या माणसांसाठी असतं. ते ऐकलेलं असलं की ती थांबत नाहीत, आणि थांबली नाहीत की बहुतेक सगळी परत येतात."

मी म्हणाले, "म्हणा मग." यांनी म्हटलं. मी तिथंच बसून ऐकलं.

सुट्टी संपली आणि हे गेले.

*

परीक्षेचा दिवस उजाडला. फोन पदरात घेऊन फिरत होते. आरूला दोनदा भरवलं, आधीचं भरवलेलं विसरून. भाऊजी कुडाच्या भिंतीपलीकडून सारखे विचारत होते, "आला का गं फोन?"

उन्हं उतरताना आला. व्हिडिओ कॉल. यांच्या तोंडाला माती, केसांत गवत.

यांनी सांगितलं, ऑर्डर पुरी झाली, कुठं अडली नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं एकही प्रश्न विचारला नाही. हातातली काठी यांच्याकडं केली आणि म्हणाला, "नाईक, तुम मर गए. लेट जाओ."

हे गवतात आडवे झाले. साहेब नंबर दोनला म्हणाला, "अब?"

नंबर दोननं कमान घेतली आणि सगळी ऑर्डर पुन्हा सांगायला लागला. बरोबर चालला होता. मध्येच डावीकडच्या ऐवजी उजवीकडं म्हणून गेला. यांना राहवलं नाही, यांनी मान उचलली. साहेबानं काठी यांच्या छातीवर टेकवली. "मुर्दा बोलता नहीं."

तेवढ्यात मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "बाएँ, उस्ताद. नाले से." मग दुसरा म्हणाला, "बाएँ." मग सगळेच. प्रत्येकानं आपापलं काम सांगितलं, आणि यांना तिथंच सोडून सगळे नाल्यातून वाकून पुढं निघून गेले. हे आभाळाकडं बघत पडून राहिले. साहेब वाकून म्हणाला, "उठो, हवालदार."

फोन ठेवला. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. भिंतीपलीकडं भाऊजींची चाहूल थांबली होती.

"काय झालं गं?"

"पास झाले."

"ऑर्डर नीट सांगितली म्हणायची."

"सांगितली. आणि मग..." पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. "मग पडून राहिले, आत्या."

"बरं झालं," आत्या म्हणाल्या. "हितं तर माझ्या पोराला पाठ टेकायला पण मिळालं न्हाई."