बाबूभाईंच्या गालावरचा थेंब

तमाशातल्या सोंगाड्या बाबूभाईंवर अन्याय झाला तो मी सातवीत असताना, शेळगावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. आणि तो मीच केला.

आज बारामतीत मोर्चाचा फलक रंगवताना सफेद्याचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली. राहुटीत बाबूभाई खोबरेल तेलात सफेदा कालवून तोंडाला फासत होते. मधेच त्यांनी डोळा पुसला. मी त्यांचं चित्र काढलं आणि गालावर टपोरा अश्रू ठेवला. जत्रेतल्या चित्रस्पर्धेत शाळेनं लगेच बक्षीस दिलं, चित्र देवळापाशी लावलं.

संध्याकाळी बाबूभाई लुगडं नेसून, मावशी होऊन ठुमकत आले, तर कुणी हसेचना. चित्र पाहून आलेल्या बाया "बिच्चारा!" म्हणत बसल्या.

खेळ संपल्यावर ते चित्रासमोर थांबले. "पोरी, हे रडणं कुणाचं हाय? माझं तर न्हाय."

"मग डोळा का पुसला?"

"सफेदा गेला व्हता. आन् गेला नसता, तरी तुला कशापायी सांगू?"

त्या शेवटच्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. ते दुःखी होते की नव्हते? एवढंच कळतं, की ते माझं ठरवायचं काम नव्हतं. म्हणून विदूषक रंगवणाऱ्यांनो, अश्रू काढण्याआधी त्याला विचारा. तो "न्हाय" म्हणाला, तर गाल कोरडा ठेवा.